‘तिकडे’ गेलेली मुलगी आपली नाही?

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या शनिवारच्या बैठकीत एका फोनवरून वाद झाला. फोन अमेरिकेतून होता. आमच्याच एका कार्यकर्तीच्या ओळखीतली मुलगी. वय पंचवीस, कराडकडच्या एका गावातली. इंजिनिअरिंग झाल्यावर पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, मग राहतं घर तारण ठेवून ‘इन्फॉर्मेशन सिस्टीम्स’ या विषयात एम.एस. करायला गेली. पदवी मिळाली, नोकरी मात्र मिळेना. तिथल्या नियमाप्रमाणे पदवीनंतर बेकार राहायला ९० दिवस मिळतात, त्यातले ५२ संपलेले. घरच्यांनी तिकडचंच एक स्थळ काढलं. मुलगा एच-वन-बी व्हिसावर आहे, लग्न केलंस की राहण्याचा प्रश्नच मिटला, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याच आठवड्यात भावानं फोनवर सांगितलं, घर तुझ्या शिक्षणापायी बँकेत अडकलंय, तेव्हा इकडे येशील तेव्हा हक्कसोडपत्रावर सही करून टाक.

तिनं आम्हाला एवढंच विचारलं होतं, “मी काय करू?”

आमच्या एक ज्येष्ठ ताई आहेत. परित्यक्तांच्या पोटगीसाठी त्यांनी तीस वर्षं कोर्टाचे आणि तहसील कचेरीचे उंबरठे झिजवलेत. त्या म्हणाल्या, “ज्यांना चाळीस लाखांचं कर्ज मिळतं त्यांची दुःखं सोडवायला आपण केंद्र काढलं नाही. बचतगटातल्या बाईला दहा हजारासाठी किती खेपा घालाव्या लागतात ते आधी बघा.” दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. त्याचं कारण असं की मीही त्याच वाटेनं गेलेली. २०१६ साली गेले, हाच विषय शिकले, २०२१ मध्ये परत आले, आणि या केंद्रात येऊन बसू लागले तरी तो भाग मी फारसा कधी उघड केला नाही. मैत्रिणींनो, त्या दिवशीचं माझं गप्प बसणं मला अजून डाचतं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

ताईंचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, हे आधीच सांगते. कोण जातं तिकडे? ज्यांच्याकडे तारण ठेवायला घर, जमीन किंवा नोकरदार बाप आहे त्या घरातली मुलं. त्यातही मुलगे जास्त, मुली कमी. दलित मुलामुलींसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे, पण जागा मोजक्या. म्हणजे दारातच निवड झालेली असते. आणि आत गेल्यावर जात सुटते असंही नाही. आम्ही चौघी मुली दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. नवीन मुली घर शोधायला लागल्या की जाहिरात ठरलेली, ‘शाकाहारी मुलगी हवी’. फोनवर तिसरा प्रश्न आडनावाचा. एका मुलीनं आडनाव सांगितल्यावर ‘जागा भरली’ म्हणून कळवलं गेलं आणि ती जागा पुढे महिनाभर रिकामी होती, हे माझ्या डोळ्यांदेखत झालेलं. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटल शहरानं जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला. अमेरिकेतलं तसं करणारं ते पहिलं शहर. तो कायदा तिथल्या शहराला का करावा लागला, याचं उत्तर आपल्याकडून गेलेल्यांच्या सामानात होतं.

तेव्हा सगळ्याच ‘तिकडच्या’ मुलींना आपण बिचाऱ्या म्हणावं असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. ही मुलगी ज्या तीन कागदांत अडकली आहे, घराचं गहाणखत, हक्कसोडपत्र आणि नवऱ्याच्या नावावरचा व्हिसा, ते तिन्ही कागद आपल्या चळवळीच्या जुन्या ओळखीचे आहेत. फक्त रक्कम मोठी आहे आणि शिक्का परदेशी आहे.

या विषयात शिकतात तरी काय, हे बैठकीतही कुणी तरी विचारलं. संगणकाचं शिक्षण म्हटलं की आपल्याला वाटतं यंत्र बनवणं किंवा प्रोग्रॅम लिहिणं. हा विषय बहुतेक ठिकाणी व्यवस्थापनाच्या अंगानं शिकवतात. दवाखाना, बँक, दुकान, सरकारी खातं, यांना चालण्यासाठी कुठली माहिती लागते, ती कुणी भरायची, कुठे साठवायची, कुणाला दिसू द्यायची आणि कुणाला नाही, हे ठरवायचं शास्त्र. आपल्या मुली या विषयाकडे वळतात त्याला कारणं आहेत. इंजिनिअरिंगच्या कुठल्याही शाखेतून, कधी कॉमर्समधूनही प्रवेश मिळू शकतो. नोकऱ्या बऱ्या असतात. आणि ‘निव्वळ कोडिंग नको, माणसांशी बोलायचं काम बरं’ असं मुलींना घरातून आणि बाहेरून सांगितलेलं असतं. हे शेवटचं कारण तपासायला हवं, पण तो वेगळा लेख होईल.

पहिल्याच सत्रात आम्हाला दवाखान्याच्या नोंदींचा आराखडा करायला दिला होता. प्रत्येक रुग्णाची कुठली माहिती हवीच, कुठली नसली तरी चालेल, ते ठरवायचं. मी रुग्णाच्या नावापुढे ‘वडिलांचे अथवा पतीचे नाव’ हा रकाना टाकला आणि तो सक्तीचा केला. तो भरल्याशिवाय नोंदच पुढे जाणार नाही अशी व्यवस्था. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, “हे कशाला लागतं? एखादीला हे नाव द्यायचं नसेल तर तिला उपचार मिळणार नाहीत का?” मला उत्तर सुचेना. शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत प्रत्येक कागदावर मी तो रकाना भरत आले होते. तो कुणीतरी बसून ‘सक्तीचा’ ठरवला असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आपल्या चळवळीनं आईच्या नावासाठी किती वर्षं घालवली! पासपोर्टसाठी आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव पुरे, हा बदल २०१६ च्या डिसेंबरात झाला. महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं करण्याचा निर्णय २०२४ च्या मार्चमध्ये झाला. आपण मोर्चा काढून जे मागितलं ते शेवटी कुठल्यातरी कचेरीतल्या संगणकाच्या एका रकान्यात उतरतं. हा रकाना ठरवणाऱ्या खोलीत बसण्याचं शिक्षण ही मुलगी घेऊन आली आहे. ते आपल्या उपयोगाचं नाही असं कोण म्हणेल?

आणि गंमत पाहा. माहितीच्या व्यवस्था शिकायला गेलेली ही मुलगी स्वतःच एका माहिती-व्यवस्थेतली नोंद असते. त्या व्यवस्थेचं नाव सेव्हिस. परदेशी विद्यार्थ्यांची माहिती ठेवण्यासाठी अमेरिकन सरकारनं ती २००३ साली सुरू केली. कुठल्या वर्गात नाव आहे, पुरेसे विषय घेतले का, कुठे राहते, कुठे काम करते, सगळं तीत. घर बदललं तर दहा दिवसांत कळवायचं. सत्र चालू असताना काम फक्त विद्यापीठाच्या आवारात, तेही आठवड्याला २० तासांपर्यंत. पदवीनंतर विषयाशी संबंधित काम करायला एक वर्ष मिळतं, त्याला ओपीटी म्हणतात. पदवीमागचा सरकारी सांकेतिक क्रमांक विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असेल तर आणखी दोन वर्षं. एकसारख्या नावाच्या दोन पदव्यांचे क्रमांक वेगळे असू शकतात आणि एकीला एक वर्ष, दुसरीला तीन वर्षं मिळतात, हे प्रवेश घेताना कितीजणींना माहीत असतं? मला नव्हतं. नशिबानं माझा क्रमांक यादीत निघाला.

२०२५ च्या वसंतात या सेव्हिसमधल्या हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी एकाएकी बंद करण्यात आल्या. काहींच्या नावावर वाहतुकीच्या नियमभंगापलीकडे काही नव्हतं. विद्यार्थी कोर्टात गेले आणि एप्रिलच्या अखेरीला सरकारनं नोंदी पुन्हा चालू करायला सुरुवात केली. त्याच वर्षी २७ मेपासून जवळजवळ तीन आठवडे नव्या विद्यार्थी-व्हिसाच्या मुलाखतींच्या तारखा देणंच थांबलं. पुन्हा सुरू झालं ते समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवा या अटीवर. मुलींसाठी या अटीचा अर्थ काय होतो ते आपल्याला सांगायला नको. छळणारा जुना मित्र, संशयी नातेवाईक, सगळ्यांपासून जे खातं तिनं बंद ठेवलं होतं, तेच उघडायचं.

आता पैशाकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे.

चाळीस लाख रुपये साडेदहा टक्क्यांनी घेतले तर नुसतं व्याज महिन्याला ३५ हजार होतं. शिकत असताना हप्ता सुरू नसला तरी व्याज चढतच असतं. साडेसात लाखांवरच्या कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात, आणि तारण म्हणजे बहुतेक घरांत राहतं घरच. डॉलरमधला पगार धरून हे सगळं गणित मांडलेलं असतं. तो पगार आला नाही तर पुण्याच्या पगारात हे कर्ज फेडता फेडता चाळिशी येते.

मुलग्यासाठी असं कर्ज काढलं की घर म्हणतं, पोराचं भविष्य घडवलं. मुलीसाठी काढलं की म्हणतं, लग्नाला ठेवलेलं शिक्षणात घातलं. हे वाक्य मी किमान दहा घरांतून ऐकलं असेल, माझं घर धरून. बोलणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं, बापाचा पुरोगामीपणा असतो, आणि आपणही ते कौतुकानं ऐकतो. पण त्या वाक्यात हिशोब चुकता झालेला असतो. तुला मिळायचं ते मिळालं, आता घरावर तुझं काही नाही. त्याच हिशोबाचा पुढचा कागद म्हणजे भावानं मागितलेलं हक्कसोडपत्र.

या बाबतीत कायदा काय म्हणतो हे आपल्याला तोंडपाठ आहे, पण या मुलींना नाही. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ सालीच दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ साली वडील हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल तर गोष्ट वेगळी, ते कुणाला द्यायचं ते हयातीत वडील ठरवतात. पण शिक्षणासाठी कर्ज काढलं म्हणून हक्क संपतो असं कुठल्याही कायद्यात नाही. कर्ज तिच्या नावावर आहे आणि ते तीच फेडते आहे. भाऊ फेडत नाही. मग घर तिच्यामुळे ‘अडकलं’ असेल, तर सोडवणारीही तीच आहे ना? आमच्या तालुक्यात बहिणींकडून सह्या घेतात त्या साडी-चोळीवर आणि ‘माहेर तुटेल’ या भीतीवर. इथे साडीऐवजी पदवी आहे. भीती तीच आहे.

त्यात लग्नाचा बाजार. स्थळ बघताना हल्ली विचारतात, ‘कर्ज किती राहिलंय?’ एका मुलीला मुलाकडच्यांनी सांगितलं, आधी फेडा, मग बोलू. दुसरीला लग्नानंतर तीन महिन्यांत ऐकावं लागलं की तुझा पगार अजून माहेरी जातो. हप्ता तिच्या शिक्षणाचा होता, ज्या शिक्षणाकडे बघून त्यांनी तिला पसंत केलं होतं! हुंड्याच्या विरोधात आपण इतकी वर्षं बोलतो आहोत, पण कर्जाच्या रूपानं आलेली ही देवघेव आपल्या कुठल्याच शिबिरात येत नाही.

ताईंना आणखी एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर केंद्रात सांगितली नव्हती. दुसऱ्या सत्रात पैसे फार कमी पडले. वाचनालयातलं २० तासांचं काम खोलीच्या भाड्यात जायचं. तेव्हा मी आपल्याच एका भारतीय कुटुंबात लहान मूल सांभाळायला जाऊ लागले. रोख पैसे, कागद काही नाही. मूल सांभाळायचं ठरलं होतं. मग पोळ्या आल्या, मग भांडी आली, मग शनिवारी पाहुणे. सहा आठवडे गेले. शेवटच्या दोन आठवड्यांचे पैसे मिळाले नाहीत. मागितले तर घरच्या बाई हसून म्हणाल्या, “अगं, तुला तर असं काम करायची परवानगीच नाही ना?” तेवढं वाक्य पुरलं. तक्रार करायची तर आधी स्वतःचा नियमभंग कबूल करायचा, आणि तो कळला तर व्हिसा जाणार. माझ्यासारख्या अनेकजणी होत्या. एकीला त्या घरातल्या पुरुषाचा फार वाईट अनुभव आला. तिनं ते काम सोडलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही. मला तिनं वर्षभरानं सांगितलं.

आपण घरकामगार बायकांमध्ये काम करतो. कामाचं ठरलेलं स्वरूप, वेळेवर पगार, सुट्टी, सन्मान, या मागण्यांवर महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या बायकांच्या सभेत बसून मी घोषणा देते तेव्हा मला ते स्वयंपाकघर आठवतं. मी आणि त्या एक आहोत असं म्हणण्याचा खोटेपणा मी करणार नाही. मला परतायला घर होतं, हातात पदवी येणार होती. पण ताई, बाईचं काम फुकट कसं घेतात आणि तिची तक्रार कशी बंद करतात, हे मी पुस्तकातून शिकले नाही.

आता त्या स्थळाकडे. एच-वन-बीवर असलेल्या माणसाशी लग्न केलं की बायकोला एच-फोर मिळतो. हा अवलंबिताचा व्हिसा. त्यावर २०१५ पर्यंत काम करायची परवानगीच नव्हती. त्या वर्षी ती सुरू झाली, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापलीकडे गेला असेल तरच. म्हणजे ही मुलगी एच-फोरवर गेली की तिचं ओपीटी संपलं, आणि तिनं कमवायचं की नाही हे नवऱ्याच्या मालकाच्या हातात गेलं. कर्ज मात्र तिच्याच नावावर. नवऱ्याची नोकरी गेली तर तिचं राहणंही जातं. घटस्फोट झाला तरी जातं. आमच्या अभ्यासक्रमात कोष्टकाच्या रचनेतलं ‘अवलंबित्व’ शोधायचा एक धडा असतो. एक माहिती दुसरीवर विनाकारण टेकलेली असेल तर ती सोडवून वेगळी मांडायची. त्या धड्यात पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या किती मुली मी पुढे वर्षानुवर्षं एच-फोरवर बसलेल्या पाहिल्या!

लग्न केलं म्हणून तिचा स्वतःचा विद्यार्थी दर्जा आपोआप जात नाही, ही साधी गोष्ट अनेकींना माहीत नसते. व्हिसा बदलायचा की नाही हा वेगळा निर्णय आहे. तसंच ओपीटीच्या पहिल्या वर्षात आपल्या विषयातलं आठवड्याला किमान २० तासांचं बिनपगारी कामही, कामगार कायद्यात बसत असेल तर, काम म्हणून धरतात आणि बेकारीचे दिवस मोजणं थांबतं. विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत विचारून, लेखी नोंद करून हे करता येतं. म्हणजे ३८ दिवसांत लग्न उरकायचीच पाळी आली असं नाही. पण हे तिला कोण सांगणार? घरचे सांगत नाहीत, कारण त्यांना माहीत नाही. एजंट सांगत नाही, कारण त्याचा पैसा प्रवेशापर्यंतच असतो.

पुढची वाट अवघड आहे हे खरंच. एच-वन-बीच्या जागा वर्षाला ६५ हजार आणि तिथली पदव्युत्तर पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २० हजार, अर्ज कितीतरी जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. मी तीन वर्षं चिठ्ठी टाकली, तिन्ही वर्षं माझं नाव आलं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. तिथेच शिकून दर्जा बदलणाऱ्यांना ते लागू नाही असं पुढच्या महिन्यात स्पष्ट केलं गेलं, तोवर नोकरी देणारे बिचकले ते बिचकलेच. डिसेंबरात आणखी एक नियम जाहीर झाला, जास्त पगाराच्या जागांना चिठ्ठीत जास्त संधी देणारा. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलीचा पगार कुठल्या पायरीवर असतो ते उघड आहे.

अशा वेळी परत येणं हाही एक रस्ता आहे. पण परत येणाऱ्या मुलीचं काय होतं ते मी भोगलं आहे. मी आले तेव्हा गल्लीत शब्द होता, ‘परत आली’. हे दोन शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, नांदायला गेलेली पोर माहेरी आली की. तोच स्वर, तीच दबकी चौकशी. “काय झालं? जमलं नाही का?” आईनं वर्षभर लोकांना ‘सुट्टीवर आलीय’ म्हणून सांगितलं. ताई, तुम्ही परित्यक्तांच्या मेळाव्यात ज्या शब्दाविरुद्ध बोलता तो शब्द माझ्या दारातही आला होता. मुलग्यांना परत आल्यावर कुणी असं विचारत नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनाही विचारतात. पण त्यांचं लग्न लावून ते झाकून टाकायची घाई कुणाला नसते.

आपल्याकडे या वाटेचा इतिहास आहे आणि आपण तो दरवर्षी साजराही करतो. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये गेल्या, जाण्याआधी बंगालमधल्या सेरामपूरला भर सभेत आपण का जातो आहोत ते त्यांनी सांगितलं. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, पुढच्याच वर्षी इथे येऊन वारल्या. त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. या कथेतली एक बाई मात्र आपण विसरतो. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर. एका मिशनरी मासिकात आलेला पत्रव्यवहार वाचून त्यांनी अनोळखी मुलीला पत्र लिहिलं आणि आपल्या घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पलीकडच्या टोकाला अशी एक मावशी होती.

त्याच न्यू जर्सीत १९८५ साली दक्षिण आशियाई बायकांनी ‘मानवी’ ही संस्था काढली, छळ सोसणाऱ्या बायकांसाठी. न्यूयॉर्कमध्ये १९८९ मध्ये ‘सखी’ निघाली, कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये ‘मैत्री’. त्यांना एच-फोरची गोष्ट पुरती माहीत आहे. पण त्यांच्याकडे बाई पोचते ती बहुधा मार खाल्ल्यावर. तिच्या घराचं गहाणखत कुठे आहे, भावानं कशावर सही घेतली, स्त्रीधन कुणाकडे आहे, हे त्यांना तिथून कसं कळणार? ते इथल्या केंद्रांना कळू शकतं. आपला त्यांचा साधा पत्रव्यवहारही नाही.

२०२३-२४ या वर्षात अमेरिकेत भारतातले ३ लाख ३१ हजारांवर विद्यार्थी होते, २००९ नंतर पहिल्यांदा चीनपेक्षा जास्त. आता ती लाट ओसरेल असं म्हणतात. ओसरली तरी कर्ज काढून गेलेल्या मुली तिथे आहेतच, आणि ज्या अमेरिकेला जाणार नाहीत त्या जर्मनीला किंवा आयर्लंडला जातील. जिल्ह्याच्या ठिकाणी एजंटांचे फलक लागलेले आहेतच. त्यांच्या शेजारी आपल्याला एक दुपार तरी बसता येईल. जाणाऱ्या मुलींशी आणि त्यांच्या आयांशी बोलायला. बँकेत सही करण्याआधी घरातल्यांनी हे स्पष्ट बोलून घ्यावं की हे कर्ज आहे, वाटणी नाही. शक्य तर तसं लिहून ठेवावं. आईला सहकर्जदार करतात तेव्हा ती कशावर सही करते हे तिला वाचून दाखवावं. बहुतेक आया फक्त बोट ठेवलेल्या जागी सही करतात. पासपोर्ट, पदवी, आय-ट्वेंटी हे कागद लग्नानंतरही मुलीच्याच ताब्यात राहिले पाहिजेत, आणि बँकेचं खातं तिच्या एकटीचं. ही यादी माझी एकटीची आहे, त्यात चुका असतील. तुमच्या केंद्रांत अशा मुली आल्या असतील तर कळवा.

त्या दिवशी बैठक काही न ठरता उठली. पुढच्या शनिवारी त्या मुलीची आई एसटीनं आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत बँकेचे सगळे कागद. घर आजोबांच्या वेळचं आहे एवढं तिला माहीत होतं, सात-बारावर कुणाचं नाव आहे ते नव्हतं. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ताईंनी चष्मा लावून गहाणखत पुढ्यात घेतलं होतं आणि त्या आईला विचारत होत्या, “तुमची सही इथं आहे. ही केली तेव्हा कुणी वाचून दाखवलं होतं का?”